खालचा हिरवा

सौदा असा ठरला:
ती आठ दुपारी माझ्यासमोर बसणार,
मी तिच्या नातवाच्या होडीवर नाव घालणार, फुकट,
दोन्ही बाजूंनी, पिवळ्यात.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली.
खाली लाद्या फुटतात, वर जमीन थरथरते,
ब्रशाला ते आधी कळतं.
सरसूबाय गिरपने खुर्ची नाकारली.
मासळीचा क्रेट उलटा घातला आणि बसली.

पहिल्या दुपारी तिला बघायला काहीच नव्हतं.
कॅनव्हासवर जेसो, उभा हात, मग आडवा,
पॉलिशपेपर, पुन्हा जेसो.
"भिंत सारवतंस की माझां तोंड?"

दुसऱ्या दुपारी पांढरं घालवलं.
गेरूत भरपूर पाणी, चिंधीने पुसत पुसत
सगळीकडे ओल्या कौलाचा रंग.
कोऱ्या पांढऱ्यावर काढलेला माणूस घाबरलेला दिसतो.
मग कोळशाने कपाळ, गालाचं हाड,
डाव्या भुवईतली फट,
तिथे लहानपणी गरी अडकली होती.

तिसऱ्या दुपारी हिरवा.
गळ्याच्या खाचेत गडद, कपाळावर फिका.
हा खाली नसला
तर वरचा तांबूस बाहुलीच्या गालासारखा बसतो.
ती उठून आली, कमरेवर हात.
"माका काय शेवाळ इलां?"
मी म्हटलं, हा दिसणार नाही, वर अजून पाच-सहा थर यायचेत.
"जां दिसाचां नाय, तां घालतंस कित्याक?"

मला उत्तर सुचेना.
तिलाच सुचलं, बऱ्याच वेळाने, मान न हलवता:
बरणीतला खारा बांगडा.
मीठ, बांगडा, मीठ, बांगडा, वरून दगड.
तळ कोणी बघत नाही.
पण तळाला मीठ कमी पडलं
तर वास वरच येतो.

ट्यूबवर लिहिलंय, वीस मिनिटांत सुकतो.
लिहिणारा इथे कधी आला नसावा.
इथली हवा रंगाला सोडत नाही,
बोट टेकवलं की बोटाबरोबर गाल उठतो.
मग आम्ही थांबतो. ती सुरमईचा आजचा भाव सांगते,
कालचा सांगते, दोन्हींत कोण बुडालं ते सांगते.
आणि सुकला की हा रंग एक पायरी खाली उतरतो,
ओला असताना उजळ, नंतर काळसर.
म्हणून थोडं जास्तच उजळ घालायचं,
उधारीवर.

पाचव्या दुपारी मी चुकलो.
ओठांचे कोपरे जरा वर गेले.
"ह्यां माझां नाय. ह्यां माझ्या जावेचां तोंड."
तेलरंग असता तर पुसला असता.
हा पुसत नाही, झाकावा लागतो.
तेव्हा जाऊबाई आत आहेत अजून,
हसत,
सरसूबायच्या मिटल्या ओठांखाली.

मग पातळ थर.
मिडियमच्या चमचाभर पाण्यात जांभळ्याचा एक ठिपका,
चहाच्या कपाच्या धुवणाइतका.
डोळ्यांखाली एकदा, सुकू दे, परत एकदा.
नाकाच्या शेंड्यावर तांबडा, इतका विरळ
की हात फिरला की नाही, माझा मलाच संशय.
कानामागे मात्र मी हात आखडला.
तिथे हिरवा तसाच वर येऊ दिला.

आठव्या दुपारी पांढरा, सुईच्या टोकाएवढा,
उजव्या बुबुळात.
डाव्यात घालायला ब्रश उचलला, तोच
"आता हात काढ," ती म्हणाली.
"मीठ जास्त झालां तर बांगडो बांगडो ऱ्हवणा नाय."
क्रेट सरळ केला, चित्राकडे पाठ करून
जिना उतरली. बाजाराची वेळ झाली होती.

डावा डोळा तसाच आहे, विझल्यासारखा.
कधी वाटतं, हे बरोबर आहे.
कधी रात्री दिवा लावून ब्रश शोधतो.

आज होडीपाशी गेलो.
जुना निळा खरवडायला पत्रा लावला,
तर निळ्याखाली लाल, लालाखाली
कुठल्यातरी नावाचा अर्धा 'सा'.
कोणाचं नाव, नातवाला ठाऊक नव्हतं.
ती किनाऱ्यावरून ओरडली,
"खरवडू नको रे! वरसून मार!"