वळण

घोटा मोडला त्या हिवाळ्यात
मी चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसून असायचे.
ओउलू शहर, डिसेंबर. उजेड चार तासांचा,
तोही उसना आणल्यासारखा.
खाली पटांगण: अलीकडे आमची इमारत,
पलीकडे बसथांबा,
मधे कोरा बर्फ.

पहिला गेला ससा.
पांढऱ्यावर पांढरा, तो दिसला नाही,
दिसले ठसे,
आणि मधेच एक वाकण,
वादळात आडव्या पडलेल्या भूर्जाला वळसा घालून.

मग उर्पो ह्युत्तिनेनचा कुत्रा,
नाक जमिनीला, सशाच्या वासामागे.
कुत्र्यामागे दोरी, दोरीमागे उर्पो.
रात्रपाळीहून परतलेली परिचारिका
थांब्यावर उतरली, गुडघाभर बर्फाकडे पाहिलं,
आणि उर्पोच्या बुटांच्या खळग्यांत
आपले बूट ठेवत निघाली.
तिला झोप हवी होती. एवढंच.

चौथ्या दिवशी होदान, दप्तर डोक्यावर,
मागे तिची धाकटी भावंडं रांगेनं.
मग कुणाची बाबागाडी. मग सायकली.
कुणी कुणाशी बोललं नाही,
इथे लोक लिफ्टमध्येही बोलत नाहीत.
तरी पंधरवड्यात वाट मळली,
म्हणजे काळवंडली आणि दिसू लागली.

मी हिशेब मांडत बसे,
ही वाट नेमकी कुणाची?
सशाची म्हणावी, तर त्याला बसशी काय देणंघेणं.
उर्पोची म्हणावी, तर तो ओढला गेला.
परिचारिकेनं फक्त मोजे कोरडे राखले.
एकेकाला बोलावून विचारलं असतं
तर प्रत्येकानं बोट दाखवलं असतं
आपल्या पुढच्याकडे.

जानेवारीत माणसं करवत घेऊन आली,
भूर्ज कापून नेला.
त्या रात्री इतका बर्फ पडला
की सकाळी सगळं पुन्हा सपाट.
मी कॉफी घेऊन खिडकीत बसले,
पैज लावल्यासारखी:
आता तरी सरळ जातील.

परिचारिका आली. डोकं मोबाइलमध्ये.
जिथे झाड नव्हतं तिथे
ती झाडाला वळसा घालून गेली.
मला हसू आलं,
मग आलं नाही.

कारण वरच्या मजल्यावर उर्पोचं हेच चाललं होतं.
त्याची बायको आइली वेलचीचे पाव घेऊन यायची,
सांगायची, डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवलं,
त्यात पांढरे पांढरे भाग.
"तिथे आता कुणी जात नाही," ती म्हणाली.
"माझं नाव बहुतेक तिकडेच राहायचं."
तिला तो लेम्पी म्हणतो,
लेम्पी त्याची बहीण, लहानपणीच गेलेली.
पण सहाला उठतो, नाड्या अचूक बांधतो,
आणि कुत्रा फेब्रुवारीत मेला तरी
मूठ पुढे धरून, दोरी ताणलेली असावी तशी,
त्या वाकणावरून जाऊन
बरोब्बर घरी परततो.

मे महिन्यात चिखल. वाट तीच.
मी काठी टेकत खाली उतरले.
नगरपालिकेची कायसा राउनियो
टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन उभी.
म्हणाली, आम्ही आधी काही आखत नाही,
एक हिवाळा लोकांना देतो,
मग त्यांच्यामागून रेघ ओढतो.
वाकणाशी अडली.
"इथे काय होतं?"

झाड होतं, म्हणणार होते.
झाडाआधी वादळ, आणि ससा,
आणि एका बाईची झोप,
आणि झाड गेल्यावर, काय सांगू,
ते नसलेलं झाड.
"काही नाही," म्हटलं. "वळण आहे."
तिनं खांदे उडवले
आणि चुना वाकडा टाकला.

जूनमध्ये डांबर पडलं.
होदाननं त्यावर खडूनं काहीतरी लिहिलं, पावसानं पुसलं.
ससा तोवर तपकिरी झाला होता.
दोनदा पाहिला मी त्याला.
दोन्ही वेळा तो गवतातून
सरळ गेला.