अकरा

हेल्दुरच्या गाडीचा एकच वायपर चालतो,
तोही माझ्या बाजूचा.
म्हणून तालिनपासून पाऊण तास
रस्ता मी बघितला आणि गाडी त्याने चालवली.
'ट्रक.' 'वळण.' 'आता काही नाही.'
मागे विर्वे आणि आइमे
धुकट काचेवर फुलीगोळा खेळत होत्या,
दोघींची साठी उलटलेली, दोघी लबाडी करणाऱ्या.

पाऊस येणार हे ठाऊक होतं. तरी निघालो.
ऑक्टोबरात लाहेमाच्या उद्यानात जाऊन कोरडं परतायचं
म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी यायचं, असं हेल्दुरचं मत.
त्याने सेलमधून चार रेनकोट आणले होते,
चारही पिवळे, चारही एका मापाचे.
आइमेचा घोट्यापर्यंत लोळत होता,
त्याचा स्वतःचा पोटापाशी अडला होता.

दलदलीवरून दोन फळ्यांची वाट जाते.
शेजारी शेजारी चालता येत नाही,
एकामागे एक, पाठ बघत.
टोपीवर पाऊस इतका तडतडतो
की मनातलंही मोठ्याने बोलावं लागतं.
हेल्दुर पुढून निरोप सोडायचा:
'तिसरी फळी सैल आहे, मागे सांगा.'
तो माझ्यापर्यंत यायचा तेव्हा
'तिसरी खैर नाही' झालेला असायचा.

दोन्ही बाजूंना पाइन,
वय आजोबांचं, उंची नातवाची.
इथे सगळं सावकाश.
ही शेवाळाची जमीन म्हणे वर्षाला
एक मिलिमीटर वर येते.
मी चालता चालता हिशोब केला:
बेचाळीस वर्षं, म्हणजे बोटाची दोन पेरं.
एवढ्याने ते झाकलं गेलं असेल का?

समोरून शाळेची मुलं आली.
आम्ही वाटेच्या रुंद तुकड्यावर बाजूला झालो,
त्यांचे बूट, त्यांचा आरडाओरडा जाऊ दिला,
आणि पुन्हा रांग लावली.
समोर पिवळी पाठ. पावसात वाकलेली.
पाठीशी बोलणं सोपं असतं.

'विर्वे,' मी म्हणाले,
'ते लेनिनग्राडहून आलेलं तुझं पत्र.
टपालात मीच होते तेव्हा.
अकरा दिवस ठेवलं खणात.
उघडलं नाही. पण ठेवलं.'
का, ते सांगितलं नाही.
अक्षर सुंदर होतं,
आणि मला कोणी लिहीत नव्हतं,
हे काय कारण झालं?

पाठ थांबली. टोपी अर्धी वळली.
आइमेचं नाक.
'काय? अकरा?'
मी काही बोलायच्या आत तिने निरोप पुढे धाडला,
सवयीने,
जशी दिवसभर धाडत होती.
पुढे पिवळं काहीतरी हललं.
मग उत्तर मागे आलं, पाण्याने फुगलेलं:
'विर्वे म्हणते, अकराच ना? चालतंय की.'

मनोऱ्यावर चढलो तर समोर नुसतं दूध.
हेल्दुरने न दिसणारं सगळं दाखवलं:
इकडे तळी, तिकडे जंगल,
आणि क्रौंच, अजून गेले नसतील तर.
आम्ही माना हलवल्या.
काळ्या पावावर खारवलेले किलू मासे,
थर्मासची कॉफी, झाकणात आळीपाळीने.
आइमे मिनिटागणिक माझ्याकडे बघायची
आणि पुन्हा पावाकडे.

विर्वेने झाकण माझ्या हातात दिलं.
'अकरा नाही गं,' ती म्हणाली,
'एकोणीस झाली. मी मोजत होते.'
काय एकोणीस, ते तिने सांगितलं नाही.
बाही मागे सरली होती,
मनगटावर घड्याळ नव्हतं.

कॉफी कोमट होती. मी सगळी प्यायले.

परत येताना मी पुन्हा वायपरच्या बाजूला.
मागच्या काचेवर फुल्या आणि गोळे.
'वळण,' मी म्हणाले.
हेल्दुरने जरा उशिरा घेतलं.