काजळलेला कागद

मंगळभाई वसावा सकाळी आठलाच
रॉकेलच्या धुरावर कागद काजळून ठेवायचा.
पितळी ड्रमवर तो काळा कागद,
समोर मेणाच्या पाटीवर टाचलेला बेडूक,
छाती उघडी,
आणि पोरींची नाकं रुमालात.

मी ड्रॉपरमधून एक थेंब सोडायचे.
लाखात एक भाग, एवढंसं अ‍ॅड्रेनॅलिन.
सुई क्षणभर विचारात पडल्यासारखी,
मग उंच, आणखी उंच, दाट,
काजळीत पांढरी दातेरी रेघ.
"बघा," मी म्हणायचे, "याला घाई झाली."
एकदा मागच्या बाकावरून एकीनं विचारलं,
"मॅडम, पण हा घाबरलाय कुठे?"
वर्ग हसला. मीही.
परीक्षेत येणारा प्रश्न नव्हता तो.

पुस्तकात सिंह असायचा. मी सिंह खोडून
विश्वामित्रीतली मगर घालायचे.
समजा, पुलाखाली पाय घसरला
आणि पाण्यातलं लाकूड हललं.
मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या त्या दोन ग्रंथी
पोटाच्या, कातडीच्या वाटा आवळतील,
मांड्यांच्या वाटा मोकळ्या सोडतील,
हृदयाला म्हणतील, चल.
आणि मज्जातंतूंच्या टोकांशी त्याचं भावंड, नॉरॅड्रेनॅलिन,
धमन्या पिळून दाब चढवील.
ते एकटंच शिरेतून दिलं तर गंमत:
दाब चढतो, आणि हृदय उलट सावकाश होतं,
मानेतल्या पहारेकऱ्यानं दटावल्यासारखं.
हे पाच मार्कांना हमखास.

निवृत्तीनंतर सातव्या वर्षी, रात्री एक वाजून दहा.
दांडिया बाजारातलं घर, फ्रिजची घरघर, फोन.
"हेरंबना मम्मी बोलो छो?
एक्सिडन्ट थयो छे, फतेहगंज पुल पासे.
सयाजी हॉस्पिटल आवी जाव."

मी काहीच विचारलं नाही.
बोटं पांढरी, गार. हो, कातडीच्या वाटा.
जीभ टाळूला चिकटलेली.
कानांत कुणी धुणं आपटत होतं.
तीस वर्षं फळ्यावर बाण काढलेली बाई मी,
कडीतून कुलूप काढायला गेले
तर किल्ली भोकात जाईना.

फोन पुन्हा.
"सॉरी माजी. हेमांग. हेमांगना घरे करवो हतो."

हेरंब आतल्या खोलीत घोरत होता.
केव्हा आला, मला पत्ता नाही.
दार लोटून बघायचंही सुचलं नव्हतं.

बातमी खोटी होती. थेंब खरा.
रक्तात तो दोन-तीन मिनिटंच टिकतो,
मग तुटतो, विरतो, लघवीवाटे जातो,
मीच शिकवलंय.
मनगटावर बोटं ठेवून घड्याळासमोर बसले.
एकशे अठ्ठावीस.
दहा मिनिटांनी एकशे सोळा.
मग हा नवा नवा कुठून येतोय?

पुलाजवळ कुणीतरी पडलेलंच आहे अजून.
गोत्रीला नाहीतर कारेलीबागेत
आता बरोबर नंबर लागला असेल,
कुणाच्या तरी चपला सापडत नसतील.

हेरंबला उठवलं नाही.
पाणी प्यायले, अर्धं सांडलं.

तास संपला की मंगळभाई ड्रमवरचा कागद सोडवायचा,
रेघ पुसू नये म्हणून लाखेत बुडवायचा,
खिडकीतल्या दोरीला चिमट्यानं लावायचा.
मी घाईनं हात पुढे केला
की म्हणायचा,
अडता नहीं, बेन.
हजी भीनुं छे.