पाठलागाचा दिवा

माझं काम सोपं : जो मोठा, त्याच्यावर उजेड.
अजमानच्या या सभागृहात सात वर्षं
बाल्कनीमागच्या काळोखात उभा राहून
मी दोन हजार वॅटचा दिवा फिरवतोय.
कोण किती प्रसिद्ध, हे मला चेहऱ्यावरून नाही,
हातातल्या कागदावरच्या सेकंदांवरून कळतं.

आज अस्हाब अल-हिमम यांचा कार्यक्रम.
सरकारी भाषेत इथे त्यांना असंच म्हणतात, हिमतीची माणसं.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर आपलाच शब्द,
बाणकोटच्या धक्क्यावर आजोबांच्या तोंडी असायचा;
कधीतरी उतरला असणार गलबतातून
खजुरांच्या गोणीबरोबर.
गावात मात्र माझ्या बहिणीला
हिंमतवाली कुणी म्हटलं नाही.
मुकी म्हणायचे.
नाव जमीला आहे तिचं.

सकाळी आम्ही चाकाच्या खुर्च्यांसाठी
प्लायवूडचा उतार ठोकला, वर हिरवा गालिचा.
संध्याकाळी पाहुणे आले :
मालिकेतली ती सून, जिला पाहून वेटरांनी ट्रे खाली ठेवले,
टीव्हीवर मच्छीभात शिकवणाऱ्या बाई,
आणि खलफान, जुना गोलरक्षक,
ज्याचे पंजे एकेकाळी
प्रत्येक पेट्रोलपंपाच्या फलकावर होते.

सुनेने पाठ केलेलं नीट म्हटलं.
मी तिला चव्वेचाळीस सेकंद गुलाबी ठेवली.
मग खलफान. त्याने एक विनोद केला, सभागृह हसलं.
दुसरी रांग सोडून.
दुसऱ्या रांगेत वीसेक पोरंपोरी
माना वाकड्या करून भलतीकडेच बघत होती,
दाराजवळ, जिथे इख्लास नावाची सुदानी बाई
प्रत्येक वाक्य हातांनी सांगत होती.
काळे कपडे, काळोख, काळेसावळे हात,
आणि माझा सगळा उजेड दुसरीकडे.

खलफान अर्ध्या वाक्यात थांबला.
समोरच्याच्या खांद्यावरून
चेंडू कुठे जाणार ते ओळखण्यात ज्याची जवानी गेली,
त्याने त्या मानांची दिशा ओळखली.
बोलला काही नाही. चालत सुटला,
आणि माणूस चालला की माझा दिवा मागे जातो,
तेवढंच शिकलाय तो.
दारापाशी पोचून खलफान
एक पाऊल बाजूला झाला. एकच.

कानातला आवाज ओरडला : पाहुण्यावर! पाहुण्यावर!
माझा हात हलला नाही.
वर्तुळात दोन तळवे, दहा बोटं, एक थकलेली अंगठी.
इख्लासने मघाचा विनोद पुन्हा सांगितला
आणि दुसरी रांग हसली.
बाकीचे गप्प, त्यांचं हसून झालं होतं.

नंतर फोटो. ढाली. शाली.
रात्री अकराला उतार उचलायचा हुकूम आला,
उद्या लग्न आहे म्हणे हॉलमध्ये.
प्लायवूडचं एक टोक मीच धरलं होतं,
हेही सांगायला हवं.

खोलीवर आलो. आठ खाटा, सात घोरणारे.
जमीलाला फोन लावला, चित्राचा.
आमची भाषा घरची आहे :
भुवईवर बोट म्हणजे मी, तिथे खोक पडली होती म्हणून.
हात विमानासारखा उडवून रिकामी मूठ उघडली
की गल्फ.
मी तिला खलफान सांगायला लागलो,
अंधारातच, नेहमीसारखा,
कुणाची झोप मोडू नये म्हणून.
तिने डोक्यावर बोटं मिटून पंजा उघडला : दिवा.
पुन्हा : दिवा. दिवा.
सात वर्षं ती ही खूण करते,
आणि सात वर्षं मला वाटत आलं,
कामाचं विचारतेय.
मी मान हलवायचो, चाललंय, बरं चाललंय.

उठलो. बाहेर गेलो,
मोरीशेजारच्या ट्यूबखाली, चपलांच्या ढिगात उभा राहिलो,
फोन नळाला टेकवला,
दोन्ही हात मोकळे केले.

ती बघत राहिली माझ्या हातांकडे,
मग म्हणाली : हां. आता.
पहिल्यापासून सांग.