शिट्टी

फोनवर सांगायचं राहिलं,
रेंज गेली तुझी, नेहमीसारखी.

समरला परवा पुन्हा झालं तसं.
शेजारी कुकरची तिसरी शिट्टी
आणि तो कान दाबून पलंगाखाली,
दीड तास.
शेवटी मीही शिरले. तिथं तुझी काळी ट्रंक,
तिच्यावर तुझा नंबर. ते पांढरे आकडे
तो बोटानं गिरवत राहिला, पुन्हा पुन्हा,
मग कुठं श्वास जाग्यावर आला.

साताऱ्याच्या बाई म्हणाल्या, गिरवू द्या.
आठवड्याला दोन खेपा, पोवई नाक्यावर उतरून चालत.
फॉर्मवर वडिलांची सही मागतात.
मी म्हणते, सही बर्फात आहे.

पण हे ऐक.
काल निकमांच्या नलूवहिनी आल्या,
म्हणाल्या, किती वाजता झोपतो गं?
एवढंच.
आज दुपारी एक ते तीन
आपल्या आळीत एकही कुकर वाजला नाही.
घरोघरी पातेल्यात डाळ,
रटरट, उघड्यावर.
सुभेदार तात्यांनी बुलेट
देवळापासून ढकलत आणली,
ह्या वयात, धापा टाकत,
आणि मला बघून नुसती मान हलवली,
पहारा बदलताना हलवतात तशी.

तो झोपला.
मलाच एवढी शांतता सोसेना,
उगाच भांडी पुसत बसले.

सुट्टीवर येशील तेव्हा
कडी वाजवू नकोस.
दाराशी उभा राहून तुझा नंबर म्हण,
हळू, एकेक आकडा.
बाहेर येईलच असं नाही.
पण पलंगाखाली
त्याचं बोट हलेल.