डावा वायपर

आमच्याकडे वायपर पावसानं झिजत नाहीत,
उन्हानं मरतात.
वर्षातले नऊ महिने काचेच्या पायथ्याशी
पडल्या पडल्या भाजत राहतात,
आणि लागतात त्या दिवशी
रबराचा लांबडा दोरा सुटून
काचेवर गांडुळासारखा वळवळतो.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
होटगी रोडला, पहाटे, उसाच्या ट्रॉलीमागे
दव होतं, धूळ होती,
समोरून डिपर न देणारा ट्रक होता
आणि माझ्या डोळ्यांपुढे
वायपरनं सारवलेलं दुधाळ अर्धं वर्तुळ.
नायना शेजारी. म्हणाले, "हळू."
एवढंच.

सात रस्त्याला गुलाबसाब नदाफच्या दुकानात
मी शिवणाची टेप घेऊनच गेले.
"बावीस आणि सोळा."
"बावीस घ्या. सोळाचा कशाला की?
डाव्या बाजूला कोण बसतंय?"
"बसतात."
"आणा मग गाडी, दोन मिनिटांचं काम."
"मीच बसवणार."
तो हसला नाही. म्हणाला,
"दांडी सोडू नका बाई. स्प्रिंग असते.
काचेच्या कानाखाली वाजवल्यासारखी बसते."

म्हणून आधी टॉवेल.
आमच्याच कारखान्याचा, परदेशातून परत आलेला,
काठाला एक धागा चुकलेला.
चौघडी करून काचेवर ठेवला
आणि दांडी उभी केली.
ब्लेड नसलेली दांडी
उत्तर येत नसताना वर्गात वर झालेल्या
हातासारखी दिसते.

टोकाला आकडा, आकड्यात इवलीशी खिट्टी.
ती दाबून ब्लेड खाली ओढायचं, वर नाही,
हे कळायला वीस मिनिटं लागली
आणि एक नख.
तोवर गल्लीतली पोरं जमली.
समोरून यल्लव्वा ओरडली,
"मेकॅनिक मेलेत का गं सगळे?"
नवं ब्लेड आकड्यात चढलं,
टक्.
नायनांना ते ऐकू गेलं नाही.
चाळीस वर्षं पावरलूमवर उभे राहिले,
कान तिथेच ठेवून घरी आले.

आता बघायचं तर पाणी हवं,
आणि नळाला पाणी परवा.
टाकीचं झाकण हळूच सरकवून
तांब्याभर घेतलं
(आईचे कान शाबूत आहेत)
आणि काचेवर सोडलं,
भसकन नाही, अभिषेकासारखं, बेताबेतानं.

नायना आत, आपल्या जागेवर.
किल्ली फिरवली. दोन्ही उठले.
ये. जा.
नायनांनी आतून काचेवर तळहात टेकवला,
डोळे मिटले,
मागाच्या चौकटीवर टेकवायचे तसा,
धोटा सरळ जातोय का ते बघायला.
"उजवा बरोबर. डावा थरथरतोय."

उतरून पाहिलं.
डाव्या रबरावरची प्लास्टिकची पट्टी
काढायचीच राहिली होती.

ती सोलली. पुन्हा तांब्या.
"किती ओतायलीस गं?" आतून आलंच.
ये. जा.
धोटा गेला आला की मागे
बोटभर तरी कापड वाढतं.
हा जातो येतो, मागे काही ठेवत नाही.
त्या काहीच नसण्यातून दिसायला लागली
यल्लव्वाची पायरी,
तिच्या मनगटापर्यंतचं ज्वारीचं पीठ,
विजेच्या तारेवरची कुणाची तरी चप्पल.
नायना बघत होते.
"आता बरोबर," म्हणाले, आणि हात काढला.

काचेवर पंजा उठला होता, आतल्या बाजूनं.
तिथवर वायपर पोचत नाही.

आईनं जुनं ब्लेड उचललं, वाकवून पाहिलं,
ओट्यावरचं सांडलेलं निपटायला
आत घेऊन गेली.