चाळीस चमचे

खिडकीपलीकडून दामेश आपानं विचारलं,
"चोयबाल्सान किती लांब?"
मी यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं,
सरळ उडालात तर अठराशे किलोमीटर,
पावणेतीन तास.
पडद्यावर एक रेघ उमटली,
भरल्या कावडीच्या बांबूसारखी वाकलेली.

पण उल्गीहून सरळ काहीच उडत नाही.
आधी उलानबाटर, साडेतीन तास, पंख्याचं विमान,
मग एक रात्र पुतण्याकडे, नवव्या मजल्यावर,
मग दुसरं विमान, दीड तास, वारा असेल तर दोन,
वारा फारच असेल तर परवा.
"म्हणजे दोन दिवस," ती म्हणाली.
"म्हणजे पावणेतीन तास," मी म्हणालो,
आणि माझी मलाच लाज वाटली.

काट्यावर बोचकं: अठरा किलो. चालतात पंधरा.
तिनं आधी कुर्त काढलं,
वाळल्या दह्याचे दगडासारखे गोळे, दोन किलोंची पिशवी.
मग लोकरी बूट काढून पायात चढवले,
जुलैत, बाहेर डांबर मऊ पडलं असताना.
तरी अर्धा किलो उरलाच.
ती बाटली होती. पाण्याची.

"आपा, पाणी तिकडेही मिळतं."
"खोव्द नदीचं?"

एर्केगुलला मुलगा झालाय,
शुक्रवारी चाळीस दिवसांचा होईल.
चाळीस चमचे पाणी अंगावर घालायचं, मोजून,
चमच्यागणिक एक चांगला शब्द.
"शब्द म्हणायला तिकडे बायका किती जमतील कोण जाणे.
पाणी तरी घरचं असू दे."

मी खाली वाकलो, बुटाची नाडी बांधायला.
नाडी बांधलेलीच होती.
बुटाचं टोक काट्याच्या कडेखाली सरकवलं, हलकंच.
आकडा पंधरावर आला
आणि तिथेच थरथरत राहिला, माझ्या पोटरीसारखा.
मी चिठ्ठी चिकटवली.

विमान गेल्यावर पट्टीवर शेळ्या आल्या.
कुर्तची पिशवी ती माझ्याकडेच ठेवून गेली होती.
एक गोळा गालात धरला.
आंबट, खारट, दाताला दाद न देणारा.
तो विरघळला तेव्हा ती कुठल्या ढगावर होती
ते यंत्राला विचारलं नाही.

घड्याळाच्या हिशेबानं चोयबाल्सान
आमच्यापुढे एक तास.
उन्हाच्या हिशेबानं एक तास अडतीस मिनिटं.
वरची ती अडतीस मिनिटं
आमच्या कुठल्याच वेळापत्रकात नाहीत.
इथे डोंगरावर अजून ऊन असतं
आणि तिथे एका खोलीत दिवा लागलेला असतो,
बाळ एकदा तरी रडून झालेलं असतं.

शुक्रवारी विमान नव्हतं. कामही नव्हतं.
एकोणचाळीसच बायका जमल्या असतील तर,
म्हणून एक शब्द मी इथूनच म्हटला.
मोठ्यानं नाही.
शेजारी पहारेकरी डबा खात बसला होता.